दुसरी किल्ली

गेवराईच्या आमच्या घरापुढे एक कडुलिंब आहे. घर बांधले त्या वर्षी मीच तो लावला. निवृत्तीनंतर एक लहानशी चारचाकी घेतली, तीही त्याच्याच सावलीत उभी करू लागलो. मराठवाड्याचा उन्हाळा ज्याने सोसला आहे, त्याला या सावलीचे मोल निराळे सांगायला नको. झाडाखाली गाडी लावण्यात काही चूक असू शकेल, असे माझ्या मनात कधी आले नाही. पुढील हकिगत त्या सावलीची आहे, गाडीतल्या एका बिघडलेल्या डब्याची आहे, आणि खरे सांगायचे तर माझी स्वतःची आहे. ज्यांच्या घरी कर्तीसवरती मुले आहेत, त्या वाचकांना ती अगदीच परकी वाटणार नाही.

माझे वडील मिशनची जीप चालवीत. त्या जीपचे तंत्र लहान मुलालाही समजावे असे होते. बॅटरीतून निघालेला प्रवाह तारेवाटे बटणाकडे येई, बटण दाबले की तेथून दिव्याकडे जाई आणि दिवा लागे. नाहीच लागला, तर दिवा गेला असावा, फ्यूज उडाला असावा किंवा तार तुटली असावी. रात्री-अपरात्री फ्यूज उडाला, तर वडील सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद त्याला गुंडाळून घर गाठीत. तसे करणे धोक्याचे असते, हे पुढे मला कळले. तेव्हा मात्र तो चमत्कार वाटे. तेव्हापासून मोटारीविषयी माझी एक समजूत पक्की झाली होती. दोष म्हणजे तुटलेली तार, आणि तार तुटते ती कोणीतरी तिला हात लावला म्हणून.

आमच्या गाडीला हात लावला तो धाकट्या मुलाने. तो पुण्याला नोकरीला असतो. २०२४च्या मे महिन्यात सुटीवर आला असताना त्याने माझी मंदावलेली नजर हेरली आणि मला न विचारता गाडीला पुढे दोन फॉग लॅम्प बसवून आणले. "बाबा, पावसाळ्यात रस्ता नीट दिसेल," म्हणाला. निघताना आणखी एक गोष्ट बोलला, "गाडी लिंबाखाली लावत जाऊ नका, पाला साचतो." जे झाड मी लहानाचे मोठे केले, त्याच्याखाली काय लावावे आणि काय लावू नये, हे पुण्याहून येऊन कोणी सांगावे, हे मला रुचले नाही. मी नुसता हुंकार दिला. तो गेला, तेव्हा गाडीची दुसरी किल्ली त्याच्या खिशातच राहून गेली. ती परत मागण्याचेही कोणाच्या ध्यानात आले नाही.

त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये मी पत्नीला डोळे दाखविण्यासाठी छत्रपती संभाजीनगरला घेऊन गेलो होतो. परतायला सायंकाळ झाली. आडूळ, पाचोड मागे पडले आणि वडीगोद्रीच्या पुढे पावसाने गाठले. नाथसागर भरला होता, पाणी सोडलेले होते, आणि शहागडच्या पुलाखालून गोदावरी दुथडी वाहत होती. नेमके पुलावर आलो आणि काचेवर फिरणारे वायपर अर्ध्यातच थांबले. पाठोपाठ हॉर्न आपोआप वाजू लागला, इंडिकेटर उघडमीट करू लागले आणि चारही दरवाजांची कुलुपे खटाखट लागू-उघडू लागली. पुढचे काही दिसेना. मागे मालमोटार. पत्नीच्या डोळ्यांत तपासणीचे थेंब घातलेले, तिला तर सारेच धूसर. तिने माझा दंड घट्ट धरला आणि एक शब्द बोलली नाही. खिडकीतून मान बाहेर काढून, भिजत, पावलापावलाने मी गाडी पुलापलीकडच्या एका धाब्यापर्यंत आणली.

त्या रात्री घरी पोचल्यावर, अंगावरचे ओले कपडेही न बदलता, मी मुलाला फोन लावला. "तुझ्या त्या दिव्यांपायी आज तुझ्या आईचा जीव गेला असता. ज्यातले काही कळत नाही, त्या दुसऱ्याच्या वस्तूला हात लावू नये माणसाने." तो सांगू लागला, "बाबा, त्या दिव्यांची वायरिंग वेगळी..." मी पुढचे ऐकून घेतले नाही. फोन ठेवला. दुसऱ्याची वस्तू! बापाची गाडी मुलाला दुसऱ्याची ठरवून मी मोकळा झालो होतो. त्यानंतर त्याचे फोन येत राहिले, ते आईला. माझी चौकशी तिच्यामार्फत होई.

आठवडाभरात एका दुकानात जाऊन मी ते दिवे काढून टाकले. दुकानदाराने बॅटरीही बदलायला सांगितली, तीही बदलली. पैसे गेले आणि दोष राहिला. एकदा रात्री दोन वाजता हॉर्नने सारी गल्ली जागी केली. गाडी तीन दिवस उभी राहिली की नवी बॅटरीही मान टाकी. तरीही माझे मत ढळले नाही. दिवे काढले तरी मुलाने मूळ वायरिंगच नासवून ठेवली आहे, असे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असे. दिवाळीच्या सुटीत तो आला नाही. पत्नी एकदाच म्हणाली, "दवाखान्यात नेता तुम्ही गाडीला, पण निदान घरी बसूनच करून नेता."

हे वाक्य मला बोचले, कारण ३१ वर्षे मी हायस्कुलात विज्ञान शिकवले आहे. आधी निरीक्षण, मग अनुमान, मग पडताळा आणि शेवटी निष्कर्ष, हा क्रम मी फळ्यावर किती वेळा लिहिला असेल, त्याची गणती नाही.

नोव्हेंबरमध्ये गाडी अखेर आमच्याच गावातल्या एका वायरिंग मिस्त्रीकडे नेली. तो एकेकाळी माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसे. आठवीनंतर परिस्थितीने त्याची शाळा सुटली आणि जिनिंगांवर येणाऱ्या मालमोटारींच्या तारा जोडता जोडता तो या धंद्यात आला. मी सवयीने निकाल सांगायला सुरुवात केली. त्याने हसून थांबवले. "सर, मला आधी बघू तर द्या."

त्याने प्रथम काहीही उघडले नाही. बॅटरीची तार काढून मध्ये मीटर जोडला, उघड्या दरवाजाचे कुलूप पेचकसाने बंद केले, म्हणजे गाडीला दरवाजे लागले आहेत असे वाटावे, आणि चहा मागवला. अर्धा तास आम्ही नुसते बसून राहिलो. गाडी बंद केली की तिच्यातली यंत्रे एकेक करून निजतात आणि मग बॅटरीतून फार थोडा प्रवाह जातो, सर्वसाधारणपणे ५० मिलीअँपिअरच्या आत, असे त्याने सांगितले. आमच्या गाडीचा काटा मात्र अर्ध्या अँपिअरवरून हलेना. "सर, गाडी झोपंना. रातभर जागी राहती." मी मनात हिशेब केला. अर्धा अँपिअर म्हणजे दिवसाला १२ अँपिअर-तास. आमची बॅटरी ४० अँपिअर-तासांची. तीन दिवसांचे कोडे सुटले. ज्या बॅटरीला मी दोष दिला होता, ती बिचारी निर्दोष होती.

मग तो एकेक फ्यूज काढून पाहू लागला. एक फ्यूज काढताच प्रवाह एकदम खाली आला. तो फ्यूज ज्याला वीज पुरवीत होता त्याचे नाव बॉडी कंट्रोल मॉड्यूल.

हे मॉड्यूल म्हणजे काय, ते मला त्या दिवशी समजले. आजच्या गाडीत बटण दिव्याला वीज देत नाही. मला दाबले आहे एवढीच वर्दी ते देते. ती वर्दी डॅशबोर्डखालच्या या डब्यात जाते, आणि दिवे, वायपर, हॉर्न, काचा, कुलुपे यांना प्रवाह सोडायचा की नाही हे डबा ठरवितो. अनेक गाड्यांत किल्लीची ओळख पटविण्याचे कामही त्याच्याकडेच असते. इंजिनाचा, ब्रेकचा असे आणखीही डबे गाडीत असतात, आणि ते एकमेकांशी दोन पिळलेल्या तारांवरून बोलतात. ही पद्धत जर्मनीतील बॉश कंपनीने फेब्रुवारी १९८६मध्ये डेट्रॉइट येथील मोटार-अभियंत्यांच्या परिषदेत जगापुढे मांडली, आणि १९९३मध्ये तिचे आंतरराष्ट्रीय मानक ठरले. प्रत्येक कामासाठी स्वतंत्र तार ओढत बसलो असतो, तर आजच्या गाडीत तारांचे ओझे फारच वाढले असते.

या पद्धतीतली एक गोष्ट मला विशेष वाटली. त्या तारांवर सर्वांचे बोलणे सर्वांना ऐकू जाते. दोघे एकाच वेळी बोलू लागले, तर ज्याचा निरोप कमी निकडीचा, तो आपण होऊन थांबतो, दुसऱ्याचे पुरे होऊ देतो आणि मग आपले पुन्हा सांगतो. त्यामुळे एकही निरोप वाया जात नाही. तारांना साधलेले हे शहाणपण त्या सप्टेंबरच्या रात्री मला फोनवर साधले नव्हते.

मिस्त्रीने डॅशबोर्डखालची पट्टी काढली आणि हात आत घातला. हात बाहेर आला तो ओला. गालिचा उचलला, तर त्याखाली कुबट वास आणि ओल. पाऊस उघडून महिना होत आला होता, तरी ती वाळली नव्हती. डब्याचा कपलर सोडविला, तेव्हा आतल्या पिना हिरव्या पडलेल्या दिसल्या. पितळेच्या भांड्याला कल्हई नसली की जो कळंक चढतो, अगदी तोच.

"सर, गाडी कुठं लावता?"

मी सांगितले.

त्याने बोनेट उघडले आणि पुढच्या काचेच्या पायथ्याशी, वायपरच्या खाली जी जाळी असते ती काढली. काचेवरून ओघळणारे पाणी या जाळीतून एका पन्हळीत पडते आणि दोन्ही बाजूंच्या भोकांवाटे जमिनीवर जाते. आमच्या गाडीची ती पन्हळ काळ्या, कुजलेल्या पाल्याने गच्च भरली होती. कडुलिंबाची पाने बारीक. ती जाळीतून सहज आत उतरतात. त्याने तीन-चार मुठी लगदा बाहेर काढला. एका बाजूचे भोक मोकळे करण्यापूर्वी मला जवळ बोलावले आणि पन्हळीत तांब्याभर पाणी ओतले. ते खाली जमिनीवर पडले नाही. थोड्या वेळाने आत, तारांच्या जुडग्यावरून, थेंब थेंब करीत ते त्या डब्यावर टपकू लागले. निरीक्षण, अनुमान आणि पडताळा, सारे माझ्या डोळ्यांसमोर क्रमाने झाले. निष्कर्ष त्याने सांगितला नाही. सरांना तो कळलाच असेल, असा त्याचा विश्वास असावा.

मी अखेरचा प्रयत्न केला. "आणि ते फॉग लॅम्प?"

दिवे काढले होते तरी त्यांचा रिले आणि फ्यूज बॅटरीजवळ तसेच होते. त्याने ते दाखविले. बॅटरीपासून स्वतंत्र तार, तिला स्वतंत्र फ्यूज, स्वतंत्र रिले. या डब्याच्या तारांना कोठेही स्पर्श नाही. "ज्यानं करून घेतलं, त्यानं समजून करून घेतलं," तो म्हणाला. "नाहीतर दुकानवाले कुठल्याबी तारेला चिमटा लावून मोकळे होतात."

मुलगा त्या रात्री फोनवर हेच सांगू पाहत होता.

पिना साफ करून डबा वाचतो का, हे मिस्त्रीने पाहिले. परंतु एक पिन पुरती खाल्लेली होती आणि डबा उघडला तर आतल्या पाटीवरही कळंक पसरला होता. तो बदलणे भाग होते. नव्याची किंमत १८ हजारांच्या आसपास निघाली. कोणीतरी भंगारातला ४ हजारांत मिळवून देतो म्हणाले. मिस्त्रीने मान हलविली. जुन्या डब्यात दुसऱ्या गाडीची ओळख असते, तो आपल्या गाडीला आणि किल्लीला ओळखेलच असे नाही, आणि त्याच्याही पोटात पाणी गेले नसेल याची खात्री कोण देणार? शिवाय नवा डबा बसविला म्हणजे झाले, असेही नाही. तो कोरा असतो. त्याला गाडीचा क्रमांक, तिच्यात काय काय बसविले आहे आणि तिच्या किल्ल्या कोणत्या, हे संगणकावरून शिकवावे लागते. ते काम त्याच्याजवळच्या उपकरणाने होणारे नव्हते. आपल्याला जे येत नाही ते येत नाही, हे सांगताना त्याला जराही कमीपणा वाटला नाही. डबा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून, छत्रपती संभाजीनगरला बसवायचा असे ठरले.

तेथे दूरध्वनी केला. तारीख मिळाली, आणि पलीकडची मुलगी म्हणाली, "सर, सगळ्या किल्ल्या घेऊन या. नव्या मॉड्यूलला त्या एकाच वेळी शिकवाव्या लागतात. जी किल्ली हजर नसेल, ती पुढे चालणार नाही."

दुसरी किल्ली पुण्याला होती.

वाचकहो, कुरिअर ही सोय मला ठाऊक नव्हती असे नाही. पत्नीकरवी निरोप धाडला असता, तर दोन दिवसांत किल्ली दारात आली असती. तो विचार माझ्या मनात आला, आणि संध्याकाळपर्यंत मी त्याला बिलगून बसलोही. चूक सुधारणे एक आणि चूक बोलून दाखविणे दुसरे. पहिले पैशाने होते. दुसऱ्यासाठी मी अंगणात येरझारा घालीत होतो. माथ्यावर तोच कडुलिंब होता.

दिवे लागल्यावर फोन केला. त्याने तो लगेच उचलला. मी म्हणालो, "दोष तुझ्या दिव्यांचा नव्हता. लिंबाचा पाला साचून आत पाणी गेले होते. तू सांगितले होतेस. मी ऐकले नाही, आणि वर तुला नको ते बोललो. माझे चुकले." पलीकडे बराच वेळ काही ऐकू येईना. मला वाटले, फोन कटला. मग तो म्हणाला, "आईला त्या दिवशी काही झालं नाही ना, एवढंच मला विचारायचं होतं. तुम्ही विचारूच दिलं नाही." आणि थोड्या वेळाने, "किल्ली घेऊन कधी येऊ, बाबा?"

डिसेंबरमध्ये, नाताळाच्या आधीच्या एका शनिवारी, आम्ही दोघे गाडी घेऊन गेलो. कारागीर तरुण होता, परंतु घाई त्याच्यात नव्हती. त्याने आधी बॅटरीची तार सोडविली आणि काही मिनिटे थांबला. पिवळ्या वेष्टणाच्या तारा एअरबॅगच्या असतात, त्यांना कोणी उगीच हात लावू नये, असे त्याने आम्हाला सांगितले. जुना डबा निघाला, खराब झालेला कपलर बदलला गेला, नवा डबा बसला. मग बॅटरी जोडून मी माझी किल्ली फिरविली. इंजिन चालू झाले नाही. समोर एक लहानसा दिवा लुकलुकत राहिला. वर्षानुवर्षे जिने गाडी चालू केली, ती किल्ली नव्या डब्याला अनोळखी होती.

कारागिराने संगणक जोडला, गाडीचा १७ अक्षरांचा क्रमांक भरला, एकेक माहिती दिली. "पहिली किल्ली," तो म्हणाला. मी दिली. "दुसरी." मुलाने खिशातून काढली. दुसरी ओळख पटताच तो लुकलुकणारा दिवा विझला आणि इंजिन सुरू झाले. मुलाने माझ्याकडे पाहिले नाही, मीही त्याच्याकडे पाहिले नाही. दोघेही समोरच्या काट्यांकडे पाहत राहिलो.

परतताना गाडी त्याने चालविली. शहागडच्या पुलावर त्याने वेग कमी केला आणि पाऊस नसतानाही एकवार वायपर चालवून पाहिले. ते काचेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले आणि जागेवर येऊन थांबले. खाली गोदावरीचे पाणी आता शांत होते. गेवराईत शिरल्यावर मीच गाडी मिस्त्रीच्या दुकानाकडे वळवायला सांगितली. काढून ठेवलेले फॉग लॅम्प डिक्कीत होते. ते पुन्हा बसवून घेतले.

त्या प्रकरणात मी विनाकारण एक बॅटरी बदलली, चांगले दिवे काढून टाकले आणि एका माणसाला जवळजवळ तीन महिने घराबाहेर ठेवले. तपासण्याआधी बदलणे, यासारखा महाग व्यवहार नाही. मोटारीच्या बाबतीत तो हिशेब निदान पावतीवर तरी दिसतो.

कडुलिंब अर्थातच जागेवर आहे. गाडी आता पलीकडे, कापडाचे आच्छादन घालून, उन्हात उभी असते. पाने वाऱ्याबरोबर तेथेही येतात, म्हणून मृग लागण्यापूर्वी मी ती जाळी काढतो, पन्हळ हाताने साफ करतो आणि तांब्याभर पाणी ओतून ते दोन्ही बाजूंनी जमिनीवर पडते की नाही, हे वाकून पाहतो.

नाताळ करून मुलगा निघाला, तेव्हा त्याने दुसरी किल्ली टेबलावर ठेवली. "विसरून परत नेईन," म्हणाला.

मी ती उचलून त्याच्या हातात दिली. "राहू दे तुझ्याजवळ," म्हटले. "गाडी तुझीही आहे."